भरतीच्या वेळेला दाखवलेलं घर

गिऱ्हाईक सकाळी आठलाच बोलवायचं, हा आमच्या ह्यांचा नियम. सक्करदऱ्यातलं आमचं घर विकायला काढलं तेव्हापासून हे उजाडायच्या आत उठायचे, नळीनं गच्ची आणि पश्चिमेची भिंत चिंब भिजवायचे, कूलर सुरू करायचे आणि मला चहात आलं घालायला सांगायचे. येणारे लोक हॉलमध्ये टेकले की म्हणायचे, वा, घर मोठं थंड आहे. मी आतून ऐकायची आणि भांडी जरा जोरातच आपटायची. मला घर विकायचं नव्हतं.

ह्यांची नोकरी विजेच्या लायनी तपासायची, म्हणजे सगळी उन्हातली. निवृत्त झाल्यावर एकदा संध्याकाळी गच्चीवर बसून म्हणाले, "मले आता ऊन सोसवत नाही वं." एरवी तक्रार न करणारा माणूस असं बोलला म्हणून मी गप्प राहिले. तिथेच चुकलं. त्याच उन्हाळ्यात शहरात कोकणातल्या घरांचं प्रदर्शन लागलं. बाहेर लू चालू, आत एसी आणि भिंतभर समुद्राचा फोटो. अशा वेळी माणसाची अक्कल शाबूत राहणं कठीणच. हे त्या फोटोसमोर इतका वेळ उभे राहिले की मला खुर्ची शोधून बसावं लागलं.

हिवाळ्यात आम्ही फ्लॅट पाहून आलो. तिथल्या एजंटानं दुपारी बाराची वेळ दिली होती. गोड बोलणारा, अदबीचा माणूस. गॅलरीत उभं राहिलं तर कंपाउंडच्या भिंतीशी पाणी हिंदकळत होतं, होड्या डुलत होत्या आणि वारा असा की माझा पदर जागेवर राहीना. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. परत येऊन ह्यांनी फाटकावर घर विकण्याची पाटी लावली.

गांधीबागेत कापडाचं दुकान असलेल्या एका कुटुंबाला आमचं घर पसंत पडलं. नवरा-बायको सकाळी येऊन दोनदा पाहून गेले. ह्यांनी इसार घेतला, पुढच्या महिन्यात रजिस्ट्री ठरली. आता तिकडच्या फ्लॅटचा इसार देऊन यायचं तेवढं बाकी होतं. म्हणून आम्ही मे महिन्यात पुन्हा कोकणात गेलो.

एजंटानं या वेळी चारची वेळ दिली. बस मात्र सकाळीच पोचली. लॉजवर बसून करायचं काय, म्हणून आंघोळी उरकून आम्ही चालतच निघालो. इमारत ओळखीची होती, गेटही तेच. मागच्या बाजूला गेलो तर पाणी नव्हतं. लांबच लांब काळा चिखल, त्यात पिशव्या, बाटल्या, आणि होड्या एका कुशीवर कलंडलेल्या. वास असा की मी पदर नाकाला लावला. तलाव गाळ काढायला रिकामा करतात तेव्हा दिसतो, तसं सगळं दिसत होतं. मला तर वाटलं, पाणी कोणी सोडून दिलं की काय.

भरती-ओहोटी आम्ही दोघांनी शाळेत पाठ केलेली, चंद्राच्या आकृतीसकट. पण आमच्या डोक्यातलं पाणी म्हणजे तलावाचं. सक्करदऱ्याचा तलाव सकाळी पाहा की संध्याकाळी, जागेवरच असतो. पाणी कोणत्या वेळेला दाखवताय, असं विचारायचं असतं हे आम्हाला सुचलंच नाही.

हे तिथून हलेनात. एजंटाला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, आणि आम्हाला चिखलाच्या काठावर उभं पाहून त्याचा चेहरा जरासा उतरला, जरासाच. ह्यांनी विचारलं, "आमाले भरतीच्याच वेळेवर काहून बोलावलं तुमी?"

"काका, तुम्ही विचारलंच नाहीत," तो म्हणाला. आवाजातली अदब तशीच होती.

इसार न देता आम्ही परत निघालो.  गाडीत वर्धा आलं तेव्हा हे म्हणाले, अर्धा दिवस तर पाणी राहतेच न. माझा ताबा सुटला. मी म्हटलं, आणि उरलेला अर्धा दिवस काय नाक दाबून बसायचं? मग निदान इकडचा सौदा तरी मोडा. ते त्यांना मान्य नव्हतं. इसार घेतला म्हणजे शब्द दिला, आणि शब्द मोडायचा नाही. मग राहायचं कुठे? तर भाड्यानं. या वयात, स्वतःचं घर विकून, भाड्यानं! मी खिडकीकडे तोंड करून बसले. स्टेशनवर उतरेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि घरी पोचल्यावरही कामापुरतंच बोलले. घरात फिरताना मी दारं, कड्या, ओट्याची फरशी हातानं चाचपत होते. रजिस्ट्री आठवड्यावर आली होती.

त्याच आठवड्यात, भर दुपारी तीनला फाटक वाजलं. गांधीबागेतल्या त्या दुकानवाल्यांची सून आली होती, पडद्यांची मापं घ्यायला. सोबत या वेळी तिची सासू होती, घर पहिल्यांदाच पाहणारी, ह्यांच्याहून चार-सहा वर्षांनी मोठी. दुकान बंद होतं म्हणून न कळवताच आलो, असं सून म्हणाली. ह्यांनी आधी कूलरकडे पाहिलं. कूलर चालू होता, पण त्या वेळेला आमच्या हॉलमध्ये कूलर नुसता आवाज करतो.

सासूबाई भिंतीला लागून असलेल्या दिवाणावर बसल्या, पाठ टेकली आणि लगेच सरळ झाल्या. मग त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि काढून घेतला. सून टेप हातात घेऊन उभीच होती. तिच्या कपाळावरून घाम वाहत होता. ती एकदा भिंतीकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत होती.

"काकाजी," ती म्हणाली, "आमाले दरवेळी सकाळीच काहून बोलावलं तुमी?"

 काय उत्तर द्यायचं ते ह्यांना माहीत होतं. ताजंच ऐकून आले होते. तेवढं एक वाक्य बोलले असते तर घर गेलं असतं, शब्द राहिला असता, आणि व्यवहारात कुठेही खोट नसती. मी पाण्याचे ग्लास घेऊन दारातच थांबले. ह्यांनी कूलर बंद केला.

"मुद्दामच बोलावत होतो," ते म्हणाले. "दुपारी हे भिंत लय तपते. रात्रीपर्यंत निवत नाही. मले सोसवत नाही, म्हणूनच तं विकून राहिलो."

सासूबाईंनी पाणी घेतलं, सावकाश प्यायलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "दुपारभर घरी मीच राहतो, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमाले जे सोसत नाही, ते मले सोसन काय?"

ह्यांनी कपाटातून इसाराचं पाकीट काढलं आणि जसंच्या तसं सुनेच्या हातात ठेवलं. तिनं घरी फोन केला, आणि थोड्या वेळानं ते पर्समध्ये टाकलं. मी सगळ्यांना कैरीचं पन्हं दिलं. मला रडू येत होतं. घर वाचलं म्हणून, की हे त्या म्हातारीसमोर मान खाली घालून बसले होते म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

ऊन उतरल्यावर ह्यांनी नळी काढली आणि भिंतीवर पाणी मारायला लागले. मी शेजारी जाऊन उभी राहिले. कोकणातून आल्यापासून पहिल्यांदाच.

"आता कोणी पाहाले आलं तं?" त्यांनी विचारलं.

"तं दुपारी तीनले बोलवा," मी म्हटलं.

पाटी अजून फाटकावर आहे. कोणी फोन केला तर हे तीनचीच वेळ देतात आणि का तेही सांगतात. अजून कोणी आलेलं नाही.