चाचांचा मोगरा

कळंबच्या तहसील कचेरीसमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. अर्जदार अडखळला की त्याचे वाक्य मीच पूर्ण करतो; वाचून दाखविले म्हणजे तो “व्हय, बरोबर” म्हणून अंगठा उठवितो. या कौशल्याचा मला अभिमान होता.

शेजारच्या चहाच्या हॉटेलाचे मालक, आम्हा सर्वांचे चाचा, माझे जुने स्नेही. उकळत्या चहाचा थेंब तळहातावर घेऊन, डोळे मिटून चाखत आणि आले किती हवे ते ठरवीत. घशाच्या कर्करोगावर विजेचे शेक घेतल्यापासून त्यांची चव आणि वास दोन्ही गेले. “चव आली तर हॉटेल, न्हाय तर कुलूप,” असे ते म्हणत.

अशात माझ्या कन्येने पुण्याहून ऊलाँग चहाच्या तीन पुड्या पाठविल्या. हा चहा ना पुरता हिरवा, ना पुरता काळा, दुधावाचून घ्यावयाचा. एक फिका, एक मध्यम, एक चांगला भाजलेला. तिन्हींची तुलना चाचांकडून करवून घ्यावी, असे मी योजिले.

“वकीलसाब,” चाचा मला थट्टेने असेच म्हणत, “दूध न्हाय, साखर न्हाय. कुणाला ताप आलाय?”

“चाखा तर. पहिल्यात मोगरा आहे ना?”

त्यांनी डोळे मिटले. “व्हय, मोगरा.”

“दुसऱ्यात मध?”

“मधच.”

“आणि तिसऱ्यात भाजलेले फुटाणे?”

“लई खमंग फुटाणे.”

चाचांची चव परतल्याची वार्ता मी कचेरीभर केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा केला, पण माझ्या हातून स्टीलच्या पेल्यांचा क्रम चुकला. भाजलेला चहा पहिला गेला. डोळे मिटूनच चाचा म्हणाले, “वा, मोगरा!” फिक्या चहाचा पेला शेवटी आला, त्यात त्यांना फुटाणे लागले. मी स्वतः चाखून पाहिले आणि क्रमाची चूक उमगली.

“चाचा, खरं सांगा.”

“तुम्ही एवढं नटवून सांगितलं. तुमचं खोटं कसं पाडू? मला नुसतं गरम लागतं.”

थोड्या वेळाने तेच म्हणाले, “परवाना बंद करायचा अर्ज लिहा.”

‘प्रकृतिअस्वास्थ्यास्तव’ हा शब्द लेखणीच्या टोकाशी आला होता. मी तो लिहिला नाही. “तुम्हीच सांगा,” म्हणालो.

“लिहा, चहा करता येतो. कसा झाला ते कळत न्हाय.”

तेवढेच लिहिले आणि वाचून दाखविले. चाचांनी “बरोबर” म्हणून सही केली. मग सवयीप्रमाणे उठून तिन्ही पेले विसळावयास नेले.