कोपरा फाडलेलं कार्ड

आज एक लग्नपत्रिका आली. तिच्या कोपऱ्यांची हळद बोटांना लागली आणि त्या वासानं मला पन्नास वर्षांपूर्वीची शिरूरची एक दुपार आठवली.

तापात माझे दोन्ही पाय गेले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. खाटेवरून दिवसभर डोक्यावरचा पत्रा तेवढा दिसायचा. त्या दुपारी मी वडिलांच्या नावानं दौंडच्या मामांना कार्ड लिहिलं: तुमची भाची वारली. मयताच्या पत्राचा फाडतात तसा कोपराही फाडला. कार्ड पोचायच्या आत ते खरं करायचं, हे मनात ठरलेलं होतं.

आईला वाचता येत नव्हतं, म्हणून कार्ड टाकायला बिनघोर तिच्याकडे दिलं. कोपरा तिला कळतो, हे विसरलेच.

"कोण गेलं गं?"

"शाळेतली मैत्रीण. माझ्यासारखीच अधू होती."

आई खाटेपाशी बसली. मी त्या मैत्रिणीचा पत्रा, तिच्या न सरणाऱ्या दुपारी, सगळं सांगत गेले. आई पदरानं डोळे पुसत होती.

"आन् तिच्या आईचं काय लिवलंस?"

काहीच लिहिलं नव्हतं. मी कार्ड परत घेतलं आणि वहीत त्या आईचं लिहायला लागले. अजून लिहितेच आहे.

त्या मैत्रिणीचं नाव आईनं मरेपर्यंत विचारलं नाही.