सरावाचा पेशंट

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला भाताची रोवणी करताना आमच्या गावच्या सुमनबाईंना साप चावला. ॲम्ब्युलन्स आलीच नाही. शेवटी ऑटोतून त्यांना भंडाऱ्याला नेलं. वाचल्या, पण पाय अजून जमिनीला टेकत नाही. आमच्या आरोग्य केंद्राची गाडी होती शहरात, आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या वैद्यकीय तयारीला.

परवा कारध्याच्या टपरीवर तीच गाडी दिसली. ड्रायव्हर बशीतून चहा पीत होता आणि दर घोटाला मिशी पुसत होता. नाव मी विचारलं नाही.

"काका, तिथं काय काम होतं?"

"पेशंट बनलो होतो जी! सरावाले कोणी तरी आडवा पाहिजे ना. पडलो, तं चार डाक्टर धावत आले. साहेब घड्याळ पाहून म्हणे, शाबास! माह्यासाठी जिंदगीत कोणी असं धावलं नाही. अन् मले झालं काय होतं?"

तो खदखदून हसला. मी सुमनबाईंचं सांगितलं. त्यानं बशी खाली ठेवली.

"सोमवारी पुन्हा बोलावलं हाये," तो पुटपुटला.

नियोजन चोख आहे, साप तेवढा मैदानात चावायला हवा होता. सोमवारी सकाळी आरोग्य केंद्रासमोर या. बदली गाडी उभी राहिल्याशिवाय ही गाडी शहरात जाऊ देऊ नका.