हिरव्या बाटलीचा सोस

बिअरच्या कारखान्यात तिला सगळे नाकबाई म्हणत, तेही तोंडावर. काम एकच. प्रत्येक टाकीतला घोटभर माल हुंगायचा, जिभेवर घोळवायचा आणि बिघडलेला निघाला तर ‘शी!’ म्हणायचं. ती ‘शी’ म्हणाली की अख्खी टाकी गटारात. मालकाचीही बिशाद नव्हती हरकत घ्यायची. सव्वीस वर्षं ही बाई नाक मुरडण्याचा पगार घेत होती. सवय इतकी अंगात मुरलेली, की पाहुणी म्हणून गेली तरी आधी पेला हुंगायची. नातेवाईक तिला जेवायला बोलवायला टरकत.

टरकत नसे तो एक धाकटा दीर. गावातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलात तो वाईन वाढायचा. पांढरे हातमोजे, तेल लावून वळवलेल्या मिशा, आणि बोलणं असं की द्राक्षं जणू ह्याच्याच मांडीवर वाढली.

“वहिनी, बिअर म्हणजे तहान आणि वाईन म्हणजे जेवण,” हे तो दर रविवारी ऐकवायचा. “तुमच्या बिअरला बाकडं पुरतं हो. टेबलावर कशाला चढवता तिला?”

“तुम्ही आधी मिशीला ते तेल फासणं सोडा, भावजी. माझ्या ताटाला वास लागतो.”

नवरा मधे बसून मुकाट जेवायचा. दोन्ही बाटल्या त्यालाच फुकट मिळायच्या, तो कशाला बोलतोय!

पुढं झालं असं, की नाकबाईनं दोन वर्षं खपून भाजलेल्या जवाची एक कडवट बिअर बसवली. हॉटेलच्या मालकिणीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, एका दुपारी चाखून बघू. पटली, तर जेवणाच्या कार्डावर बिअरला वाईनच्या शेजारी जागा, त्याच अक्षरात. नाकबाई वर्षभरात निवृत्त होणार होती. त्याआधी एवढं कार्ड तिला बघायचं होतं. दुसरं काही नको.

आणि इथंच बाईच्या डोक्यात सोस शिरला. कारखान्याच्या तपकिरी बाटल्या तिला एकाएकी गावंढळ दिसायला लागल्या. “उंच मानेची हिरवी बाटली आणा. वाईनच्या शेजारी बसायचंय तिला.”

बाटल्या भरणारा म्हातारा म्हणाला, “बाई, हिरव्या काचेतून ऊन आत शिरतं. माल नासेल.”

“ऊन कुठून लागतंय? पेटीतून निघणार ती थेट टेबलावर!”

ठरल्या दिवशी ती हॉटेलात पोचली आणि दारातच तिचं नाक आक्रसलं. जेवायच्या टेबलावर सुगंधी मेणबत्त्या! शी! दोन जुनी गिऱ्हाईकं बोलावलेली, दोघंही अत्तरात बुडवून काढल्यासारखी.

आधी मासा आला, त्याबरोबर वाईन. दिरानं बूच काढलं, हुंगलं, डोळे मिटून मान डोलावली. सगळे “वा, वा!” नाकबाईनं पेला नाकाशी नेला. ओलं गोणपाट, वर बुरशी.

“शी! बूच सडलंय, भावजी. त्या मिशीतून तुम्हाला येतोय कुठला वास!”

हॉटेलच्या खानसाम्यानं हुंगलं, मालकिणीनं हुंगलं, आणि वाईन मोरीत गेली. दिराचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईनं मनातल्या मनात टाळ्या पिटल्या, खोटं कशाला बोला!

मग तिची बिअर आली. मघाशी फजिती झालेली, त्यामुळे ह्या वेळी सगळे जपून प्यायले. “वेगळीच आहे,” एक गिऱ्हाईक म्हणालं. “रानटी वास! मांसाबरोबर झकास जाईल,” खानसामा म्हणाला. दीरसुद्धा पडेल आवाजात म्हणाला, “मानलं, वहिनी.”

वहिनीनं पेला उचलून हुंगला. चिचुंद्री. भिंतीच्या कडेनं पळणाऱ्या जिवंत चिचुंद्रीचा वास. तिनं खिडकीकडे बघितलं. सकाळीच पेटीतून पाठवलेल्या तिच्या बाटल्या तेव्हापासून तिथं भर उन्हात ओळीनं मांडून ठेवलेल्या. दिरानं मुद्दाम केलं, असं पुढं जाऊबाईंच्या माहेरापर्यंत बोललं गेलं. पण तसं नव्हतं. त्यानं आपल्या परीनं बिअरला मान दिला होता. दिमाखदार बाटली, दिसू दे लोकांना!

कुणाच्याच नाकाला कळलेलं नव्हतं. एक घोट गिळला की कार्ड तिचं. तिनं घोट घेतला. तोंडात धरला. मालकीण लेखणी उघडून बसलेली.

बाईनं घोट पेल्यात थुंकला. “शी! ओता सगळी.”

“अहो, पण आम्हाला आवडली!”

“मग तुमच्या नाकांचीही शी!” तिनं पेला दूर सारला. “हिरवी बाटली मीच मागितली. वाईनचे कपडे चढवायला गेले तिला. माझीच शी!”

कार्ड बिअरशिवाय छापलं गेलं. तीन रविवार दीर फिरकला नाही. चौथ्या रविवारी सकाळी दारात उभा. मिशा कोरड्या, हातात टॉवेलात गुंडाळलेली, नुकतंच बूच काढलेली बाटली.

“वहिनी, दुपारी मोठी पंगत आहे. जरा नाक लावता?”

तिनं हुंगलं. बराच वेळ. “चालेल.”

तो हलेना. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, “तुमच्या त्या तपकिरी बाटल्या... आहेत का दोन? खानसामा विचारत होता. मीही.”

तिनं कपाटातल्या अंधारातून दोन बाटल्या काढल्या आणि जाड काळ्या पिशवीत घातल्या.

“खिडकीत ठेवल्यात,” ती म्हणाली, “तर ह्या घरात पाऊल टाकायचं नाही, भावजी.”