शिमग्याचा फोटो

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमच्या किनाऱ्याचा उपग्रहातून घेतलेला फोटो लावलाय. पाणी निळं, सुरूची झाडं हिरवी आणि आम्ही बायका जिथे बोंबील वाळवतो ती वाळू करड्या रंगात. त्यावरून केलेल्या नकाशात करडा म्हणजे पडीक. पडीक म्हणून तिथे पर्यटकांच्या गाड्यांसाठी तळ करायचं घाटतंय.

"फोटो कधीचा?" मी विचारलं. ग्रामसेवकांनी तारीख वाचली, तशी माझी जाऊ हसायलाच लागली. "अगो बाई, हा तर आपला शिमगा! वर्षभर डोक्यावरून फिरतोय मेला उपग्रह, आणि नेमका आपण नाचायला गेलो तेव्हाच डोकावला?"

शिमग्याला आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून वाळवणही नसतं. पावसाळा सोडला तर एरवी तीच वाळू मासळीने झाकलेली असते. दुपारी चूल विझलेली दिसली म्हणून कोणी घर ओसाड ठरवत नाही. पण बाईने घटकाभर हात थांबवले, की ती रिकामी आणि तिची जागाही रिकामी, ही समजूत जुनीच. आता ती आकाशातूनही होते, एवढंच.

ग्रामसेवक भला माणूस. म्हणाले, "पुढच्या शिमग्याला निदान जुनी जाळी तरी पसरून ठेवा, ताई."

"नाही पसरणार," मी म्हटलं. हरकत आम्ही सगळ्यांनी मिळून नोंदवली आहे. शिमग्याला वाळू मोकळीच राहील आणि आम्ही नाचायलाच जाऊ. बदलायचाच असेल तर नकाशातला रंग बदला.