टाकीचं घनफळ

सोसायटीच्या मैल्याच्या टाकीचं झाकण उघडलं होतं. अध्यक्षांनी मला खाली बोलावलं, कारण मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. "सर, आतल्या गाळाचं घनफळ काढून द्या. गाडीच्या फेऱ्या किती लागतील ते कळेल," ते नाकावर रुमाल दाबून म्हणाले.

लांबी-रुंदी मी वरूनच मोजली. खोलीसाठी टेपचं टोक तळाला टेकवायला दत्तू हा सफाई कामगार आत उतरला. मी त्याला अडवलं नाही. "कुठवर आहे?" मी विचारलं. "छातीपर्यंत, साहेब," तो खालून म्हणाला.

फळ्यावर मी किती टाक्या काढल्या असतील! चौकोनी काढल्या, गोल काढल्या. त्यांतलं पाणी नेहमी स्वच्छ असे आणि आत कधी कुणी उभं नसे.

मी गुणाकार मांडत होतो तेवढ्यात अध्यक्ष हसले. "सर, दत्तूचं घनफळ वजा करा हं, नाहीतर उत्तर चुकेल."

मला त्यांची शिसारी आली. कागद चुरगाळून मी वाकलो आणि दत्तूला वर घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला, "घाण लागंल."

मी हात मागे घेतला. तो एकटाच शिडी धरून वर आला.

दुपारी जेवायला बसलो, तेव्हा माझा हात अगदी स्वच्छ होता. त्या हाताने घास उचलवेना.