एका हाताने भरता येणारा पेन

ब्रह्मपुरीच्या ज्या दुकानदाराने मला "ताई, आता कोण भरते शाई?" असं विचारलं, त्याच्यावर मी अजून चिडलेलीच आहे. प्रश्नात वाईट काही नव्हतं. पण विचारताना तो हसला आणि बॉलपेनांचा डबा माझ्यापुढे सरकवून मोकळा झाला. मी शाईचा पेन मागितला होता.

"भाऊ, मले एका हातानं भरता येईल असा पेन पाहिजे," मी म्हणाले.

"एका हातानं? काऊन? दुसरा हात कायले हाय मंग?"

दुसरा हात हलत नाही म्हणून, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने हळहळ व्यक्त केली असती, आणि त्या दिवसांत लोकांच्या हळहळीने माझं डोकं उठलं होतं.

हात माझ्या वडिलांचा. बाबा निवृत्त शिक्षक, गोंडपिपरीला माझ्या भावाकडे राहतात. हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. बोलणं सुधारलं, पाय सावरला, उजवा हात शाबूत राहिला. डावा मात्र खांद्यापासून खाली नुसता लोंबत राहिला. मी भामरागडकडच्या एका शाळेत शिकवते, त्यामुळे हे सगळं मला फोनवरूनच जास्त कळत होतं, आणि फोनवर ऐकलेल्या गोष्टीने राग दुप्पट येतो.

आमच्यात चौदा एप्रिलच्या जयंतीला फोटोपुढे हारांपेक्षा वह्या-पेनांचा ढीग मोठा असतो. आमच्या विहारात त्या वह्या मग मुलांना वाटतात. वाटण्याआधी बाबा प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलाचं नाव लिहितात. मूल समोर उभं करायचं, नाव त्याच्याच तोंडून विचारायचं, आईचं आणि वडिलांचं नाव धरून पूर्ण लिहायचं, शाईने, वळणदार अक्षरात. माझ्या आठवणीत हे काम दुसऱ्या कोणी केलेलं नाही. ज्यांना आपलं नाव लिहिता येत नव्हतं अशी माणसं आपल्या वस्तीत अजून जिवंत आहेत, असं ते म्हणत. म्हणून मुलाला आपलं नाव कुणीतरी मन लावून लिहिलेलं दिसलं पाहिजे. आणि लिहायला बसण्याआधी ते तिथेच, सगळ्यांच्या देखत, पेन भरत. मुलं त्यासाठी पुढे सरकून बसायची.

बाबांचा पेन जुन्या पद्धतीचा, ड्रॉपरने भरायचा. निबचा भाग फिरवून काढायचा, खालच्या नळकांड्यात थेट शाई ओतायची, पुन्हा फिरवून बसवायचा. लकव्यानंतर त्यांनी तो गुडघ्यांत धरून भरून पाहिला. गुडघा सटकला आणि गादी, चादर, लुंगी सगळं निळं झालं.

भावाने दौत उचलली आणि लोखंडी कपाटाच्या वर नेऊन ठेवली. "लेकरावानी करून राह्यले बाबा," त्याने मला फोनवर सांगितलं. "शाई पाहिजे असंन तर आमाले मांगा म्हटलं. भरून देऊ."

भाऊ वाईट नाही. बाबांची आंघोळ, औषधं, दवाखाना सगळं तोच पाहतो, मी लांबून नुसती सल्ले देणारी. पण ज्या माणसाने जन्मभर पोरांच्या हातात दौती दिल्या त्याची दौत कपाटावर ठेवायची, म्हणजे काय? मी फोनवर त्याला नको नको ते बोलले. त्यानेही मला सुनावलं. आठवडाभर आम्ही दोघं बोललो नाही.

मग जयंती मंडळाच्या अध्यक्षाची कल्पना कळली. यंदा वह्यांवर छापील स्टिकर लावायचे. स्टिकरवर एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, आणि फोटोखाली नावासाठी जेमतेम बोटभर जागा. गुरुजींना कशाला त्रास, असं म्हणे. लोकांना त्रासातून सोडवण्याची ही जी घाई असते ना, तिचा मला मनस्वी संताप येतो. ज्याला सोडवायचं त्याला कुणी विचारत नाही.

बॉलपेनने लिहा, हेही सगळ्यांनी सांगून झालं होतं. सांगणाऱ्यांपैकी एकाने तरी डावा हात पाठीमागे ठेवून लिहून पाहायचं होतं. बॉलपेन दाबून चालवावा लागतो, आणि दाबला की वही सरकते. ती धरायला दुसरा हात लागतो. शाईचा पेन दाबावा लागत नाही, कागदावर टेकवला की चालतो आणि वही जागची हलत नाही. बाबांचा हट्ट नव्हता तो, त्यांची सोय होती. पण म्हाताऱ्या माणसाची सोयसुद्धा लोकांना हट्टच वाटते.

आता पेन कोणता, हा प्रश्न होता. या बाबतीत मला कुणी शिकवू नये. भामरागडला पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की बाहेरून काही येत नाही, त्यामुळे पेनात शाई कशी भरायची याचा विचार मी पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा जास्त केला आहे. आमच्या साहेबांनी एकदा मला झकपक पेन भेट दिला होता, कार्ट्रिजचा. म्हणजे शाईची बंद कांडी खोचायची, संपली की फेकायची, नवी घ्यायची. नवी कुठून घ्यायची? श्रावणात कांड्या संपल्या आणि तो पेन दिवाळीपर्यंत खिळ्यासारखा पडून राहिला. ज्याने ही युक्ती काढली त्याच्या गावाला कधी पूर आला नसावा. गोंडपिपरीतही त्या कांड्या मिळत नाहीत, आणि खोचायला दोन हात लागतात ते वेगळंच.

शेपूट फिरवून शाई ओढणारा पेन चांगला, पण एका हाताने पेन दौतीत धरायचा आणि दुसऱ्याने शेपूट फिरवायचं. म्हणजे तोही गेला. ड्रॉपरच्या पेनात शाई भरपूर मावते, पावसाळ्यात मीही तोच वापरते. पण एप्रिलमध्ये आमच्या चंद्रपूरच्या उन्हात तो अर्धा रिकामा झाला की आतली हवा तापून फुगते आणि पेन निबमधून शाई ओकतो. पोरांच्या नावावर डाग पडलेला बाबांना चालला नसता.

उरला रबरी नळीचा. आत मऊ, आरपार दिसणारी नळी, तिच्यावर पत्र्याची पट्टी. निब दौतीत बुडवायचा, अंगठ्याने पट्टी दाबायची, सोडायची, की नळी शाई पिऊन घेते. हे सगळं एका हाताने होतं. आलापल्लीत विचारलं, गोंडपिपरीत विचारलं, नव्हता. ब्रह्मपुरीला प्रशिक्षणासाठी गेले होते. कॉलेजचं गाव, इथे तरी मिळेल म्हणून त्या हसणाऱ्या दुकानदाराकडे गेले.

मी हलेना म्हटल्यावर त्याने अगदी खालच्या खणातून धुळकट खोकं काढलं. "जुना माल हाय. कोणी नेत नाई." त्यातला एक पेन उघडून मी त्याच्याकडे ग्लासभर पाणी मागितलं. डावा हात पाठीमागे घेतला, निब बुडवला, पट्टी दाबली. बुडबुडे आले. सोडली, नळी भरली. बाकावर टेकून बाहेरचं नळकांडं मांडीत धरलं आणि निबचा भाग फिरवून बसवला. नळकांड्यात शाई नसतेच, ते सटकलं तरी सांडायला काही नाही. गिऱ्हाईकं माझ्याकडे पाहत होती. मी तसले तीन पेन घेतले, परत मिळतील न मिळतील.

गोंडपिपरीला घरी गेल्यावर मी आधी कपाटावरची दौत काढली. वाटीत तांदूळ भरून तिच्यात ती घट्ट रोवली आणि बाबांच्या उजव्या हाताशी ठेवली. भाऊ दारात उभा राहून पाहत होता. बाबांनी आधी पाण्याने करून पाहिलं, मग शाईने. दोनदा निबचा भाग तिरका बसला. तिसऱ्यांदा नीट बसला तेव्हा ते म्हणाले, "हे जमते." मी बाहेर जाऊन रडले.

जयंतीच्या दिवशी सकाळपासूनच ऊन भाजत होतं. विहारात गर्दी होणार, वह्या खूप, बाबा दमणार, शिवाय मंडळाचा अध्यक्ष स्टिकरांचे गठ्ठे घेऊन टपलेला. त्याला बोट ठेवायला जागा नको म्हणून मी घरूनच पेन भरून बाबांच्या खिशाला लावला. दौतही सोबत घेतली, तांदळाच्या वाटीसकट.

बाबा टेबलापाशी बसले. अध्यक्ष लगेच वाकला. "गुरुजी, ऊन वाढून राह्यलं. आम्ही स्टिकर लावून टाकतो ना पटपट. तुमाले कायले तरास?"

"त्यायले इचारलं का तुमी?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, बाया वळून पाहू लागल्या.

बाबांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी नळकांडं मांडीत धरून पेन उघडला आणि नळी उजेडाकडे केली. ती काठोकाठ भरलेली होती.

"हे कोणं भरलं?"

"मी भरलं, बाबा. तुमाले तरास नको म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग निब दौतीत बुडवून पट्टी दाबली, पुन्हा दाबली, आणि मी भरलेली सगळी शाई परत दौतीत सोडली. रांगेतली मुलं माना उंच करून पाहत होती. अध्यक्षाने घड्याळ पाहिलं. बाबांनी घाई केली नाही. पट्टी दाबली, सोडली, थांबले, पुन्हा दाबली. फडक्यावर निब टिपला, मांडीतल्या नळकांड्यात निबचा भाग फिरवून बसवला, तो सरळ बसलाय का ते अंगठ्याने चाचपलं.

मला भयंकर राग आला होता, आणि या वेळी तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

बाबांनी वरची वही ओढून पहिलं पान उघडलं. "ये बाई," ते रांगेतल्या पहिल्या मुलीला म्हणाले, "नाव सांग. पूर्ण सांग."